न पुसलेलं तेल

मी एक जुनी, काळी, चोवीस इंची सायकल आहे. मित्रांनो, एवढं वाचून लगेच हळहळू नका. मी कुठे अडगळीत पडलेली, कुणी ढुंकून न बघणारी सायकल नव्हते. माझी बावीस वर्षं पूजा झाली. दर खंडेनवमीला चंदन, कुंकू, शेवंतीचा हार, हँडलला केळीची रोपं, पुढच्या चाकापाशी फोडलेला कोहळा. आणि त्या बावीस वर्षांत माझ्या चेनला वंगणाचा एक थेंब मिळाला नाही, ट्यूबमध्ये हवेची एक फुंकर गेली नाही. एकदा देव करून ठेवलं की माणसांचं काम संपतं.

मला देव केलं, कारण माझ्यावरून एका माणसाचा जीव गेला. तो कसा गेला ते तिघाचौघांना ठाऊक होतं. कुणी तोंड उघडलं नाही. म्हणून मी सांगते.

माझा जन्म दूर उत्तरेकडच्या कारखान्यात झाला. दांडी, चाकं, पॅडल, सगळं सुटं सुटं पेंढ्यात बांधून मी मालगाडीनं म्हैसूरला आले. चिदंबर नावाच्या मेकॅनिकनं मला जोडलं, माझा एकेक स्पोक वाजवून पाहिला आणि मंडी मोहल्ल्यातल्या गुंडुरावच्या हातात दिलं.

गुंडुराव रंगाऱ्यांच्या घरातला. त्याचे आजोबा कापड रंगवायचे, वडील लाकडी ठशांनी साड्या छापायचे. त्याच्यापर्यंत येता येता साड्या गेल्या आणि ठसे तेवढे उरले. तो लग्नात तांबूल देतात त्या कापडी पिशव्यांवर नवरानवरीची नावं छापायचा. पिशव्यांचे गठ्ठे माझ्या कॅरिअरवर. बोटांना कायम कुठला ना कुठला रंग. तो माझ्या मुठींना लागायचा, आणि कुठल्या घरात लग्न आहे ते मला रंगावरून कळायचं. गल्लीतली माणसं म्हणायची, "गुंडुरावची सायकल दारात थांबली म्हणजे मुहूर्त लांब नाही." मी फुशारून जायचे. तुम्हीही गेला असता.

वर्षातून एकच दिवस आम्हाला काम नसायचं. विजयादशमी. त्या दिवशी सगळं शहर राजवाड्याच्या रस्त्यावर हत्ती आणि अंबारी बघायला दाटीवाटीनं उभं असतं. गुंडुराव आपल्या मुलीला, भाग्याला, कॅरिअरवर बसवायचा आणि बरोबर उलट्या दिशेला निघायचा.

"सगळा ऊर आत, आपण दोघंच बाहेर. अल्वा पुट्टी?"

त्यांच्या घरची मराठी अशीच, निम्मी कन्नडात भिजलेली. ऊर म्हणजे गाव, अल्वा म्हणजे नाही का, पुट्टी म्हणजे छकुली. त्या दिवसाच्या भटकंतीला ते ऊर सुत्तोदु म्हणायचे, गावाला फेरी घालणं. सकाळी कुक्करहळ्ळीचं तळं, तिथून हूटगळ्ळीकडे, जिथे तेव्हा नाचणीची शेतं होती, तिथून लिंगांबुधीच्या तळ्यावर डबा, आणि दुपार कलली की चामुंडीच्या डोंगराचा पायथा. घाई नाही, गिऱ्हाईक नाही. कावळा दिसला तरी थांबायचं. पायथ्याशी भाग्या चुरमुरीची पुडी घेऊन उभी राहायची. गुंडुराव मला हातानं ढकलत तिसऱ्या वळणापर्यंत चढवायचा आणि तिथून घंटी वाजवत खाली सुटायचा. घंटी ऐकू आली की भाग्या रस्त्याच्या मधोमध येऊन टाळ्या वाजवायची. मी तिच्यापासून दोन हातांवर थांबायचे. दरवर्षी. बरोबर दोन हातांवर.

भाग्या बारा वर्षांची झाली त्या वर्षीची गोष्ट. माझ्या ब्रेकची रबरं झिजून पातळ झाली होती. गुंडुरावनं नवी आणली, आणि काय केलं? पूजेत ठेवली! पाना पूजेत, पकड पूजेत, छपाईचे ठसे पूजेत, त्यांच्या शेजारी नवी कोरी रबरं कुंकू लावून. पूजेत बसलेलं हत्यार दशमीचा नैवेद्य दाखवून हलवेपर्यंत कुणी शिवायचं नाही, हा त्यांचा नियम. मला तेवढं त्यानं देवाला सांगून पहाटेच हलवलं, कारण फिरायला जायचं होतं. रबरं फिरून आल्यावर बसवू म्हणाला.

आणि आदल्या दिवशी पूजेआधी भाग्यानं मला घासलं होतं. राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, आणि शेवटी दोन्ही चाकांच्या रिमना खोबरेल चोळलं. तिची आई लक्ष्मीदेवी हिनंच बाटली हातात दिली होती. "लाव गे, चकचकीत दिसू दे." मी आरशासारखी झाले. भाग्या माझ्या रिममध्ये स्वतःचे दात बघत बसली.

मित्रांनो, सायकलच्या रिमला तेल लावत नाहीत. ब्रेकचं रबर रिमला घट्ट घासलं तरच चाक थांबतं. हे त्या घरात कुणाला कळत नव्हतं असं नाही. एका माणसाला कळत होतं.

कुक्करहळ्ळीच्या वळणावर एक म्हातारा आडवा आला. गुंडुरावनं ब्रेक दाबला. मी थांबले नाही. त्यानं चप्पल जमिनीला घासून मला थांबवलं, खाली उतरला, रिमवर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघितलं. मग मागे वळून भाग्याकडे बघितलं. ती माझ्या चकाकत्या चाकाकडे बघून हसत होती.

तो काही बोलला नाही. पुन्हा बसला.

एक फडकं लागलं असतं. फडकं नसेल तर शर्टाचं टोक. दोन मिनिटांचं काम. दिवसभर तो चप्पल घासत हिंडला आणि दिवसभर गाणी म्हणाला. तिसऱ्या वळणावर मला वाटलं, आता तरी हा चालतच खाली येईल. पण खाली ती वाट बघत होती ना!

मी सुटले. त्यानं दोन्ही ब्रेक आवळले, माझ्या दांड्या वाकतील इतके आवळले. रबर तेलावरून घसरत राहिलं. घंटी त्यानं सोडली नाही. भाग्या बाजूला व्हावी म्हणून तो जीव तोडून वाजवत होता, आणि ती मधोमध उभी राहून टाळ्या वाजवत होती. शेवटच्या क्षणी त्यानं मला दगडी कठड्यावर घातलं.

घंटीची वाटी त्यानंतरही थोडा वेळ थरथरत होती.

हा झाला पहिला भाग. दुसरा भाग त्याहून वाईट आहे, कारण त्यात काहीच होत नाही. माझं पुढचं चाक सरळ करून मला घरी आणलं. घंटी लक्ष्मीदेवीनं त्याच आठवड्यात काढली. कुठे टाकली ते मला ठाऊक नाही. मागच्या खोलीत, भिंतीशी, मी उभी. भुतं असतात का ते मला विचारू नका. मला वजन कळतं. बावीस वर्षं माझ्या सीटची स्प्रिंग दबलेली होती, कुणी बसलेलं नसताना. रात्रंदिवस तो बसलेला, आणि मी जागची हलत नाही. वर्षातून एकदा दार उघडायचं, लक्ष्मीदेवी यायची आणि पूजेआधी कोरड्या फडक्यानं माझ्या दोन्ही रिम पुसायची. त्यांवर धुळीशिवाय काही नसायचं, तरी पुसायची. खसाखसा. भाग्या दारात उभी राहून ते बघायची आणि निघून जायची.

भाग्याला वाटायचं, आई फडक्यानं आपल्याला दोष देते आहे. तोंडानं देत नाही, एवढंच. शाळा झाली, कॉलेज झालं, ती हूटगळ्ळीच्या एका कारखान्याच्या ऑफिसात लागली, तिकडेच घर घेतलं. सायकलला तिनं पुन्हा हात लावला नाही. बारा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात शिरलेला एक प्रश्न चौतिसाव्या वर्षीही तसाच होता. अप्पा माझ्या तेलानं गेले का?

यंदा दसऱ्याच्या आठवडाभर आधी तिनं मला टेम्पोत घातलं आणि चिदंबरच्या दुकानात नेलं. तो आता सत्तरीचा.

"अय्यो! कुठून उकरून काढलीस गे हिला? गुजरीवाला पण डोळे पुसेल." भंगाराला तिकडे गुजरी म्हणतात.

"तुम्हीच जोडली होती म्हणे, चिदंबरण्णा."

"जोडली होती की. तेव्हा माझे दात पण जोडलेले होते." तो माझ्या सीटकडे बघत राहिला. "ही स्प्रिंग कुणी बसल्यासारखी का दबलीय?"

त्यानं मला नवे टायर घातले, चेन घातली, ब्रेकला नवी रबरं बसवली. भाग्या स्टुलावर बसून बघत होती. मग तिनं अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "रिमला खोबरेल लागलं तर ब्रेक लागतो का हो?"

चिदंबरचा पाना थांबला. त्या वर्षी माझं वाकलेलं चाक त्यानंच सरळ केलं होतं. रिमवरचं तेल त्याच्याच बोटांना लागलं होतं.

"थोडंसं तेल काय करतंय गे," तो पान्याकडे बघत म्हणाला. "काही होत नाही."

खोटारडा. चांगला माणूस आणि खोटारडा. दुष्टांपासून माणूस सावध तरी राहतो. असल्या चांगल्यांपासून कोण वाचवणार?

खंडेनवमीला गुंडुरावचा धाकटा भाऊ किरणकुमार पूजेला आला. माझे नवे टायर बघून त्यानं शीळ घातली. "वहिनी, आमच्या स्कूटरला बोटभर हार, आणि या म्हातारीला हातभर? पुढच्या वर्षी हिच्यासाठी वेगळे भटजी सांगा."

"उद्या मी हिला घेऊन ऊर सुत्तायला जाणार," भाग्या म्हणाली.

लक्ष्मीदेवीचं फडकं माझ्या रिमवरच थांबलं. "बेड," ती म्हणाली. नको.

"कशाला गे सुम्मने, उगाच?" किरणकुमारची थट्टा विरली. "दादाची वेळ भरली होती. त्यात सायकलचा दोष नाही, कुणाचाच नाही."

"मी कुठे म्हटलं काका, कुणाचा दोष आहे म्हणून? तुम्हीच का सांगताय?"

त्यावर त्यानं कोहळा उचलला आणि फोडायला बाहेर गेला.

दशमीला सकाळी सहाला आम्ही निघालो. भाग्यानं खांद्याची पिशवी माझ्या हँडलला अडकवली. त्यात पाणी, डबा, आणि न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली. बाटली प्रत्येक खड्ड्यात माझ्या दांडीवर टकटक करायची. मला कळलं ती काय करणार आहे. तुम्हालाही कळलं असेल. तिला कुणाचं बोलणं नको होतं, तिला स्वतः बघायचं होतं. तिसऱ्या वळणावर जाऊन, रिमला तेच तेल लावून, तोच उतार. मी सायकल आहे, मित्रांनो. मला ओरडता येत नाही.

कुक्करहळ्ळीला धुकं होतं. पाणी दिसत नव्हतं, पक्ष्यांचे आवाज तेवढे येत होते. तिनं वळण मला न विचारता घेतलं, आणि खरं सांगते, मीही तिला विचारलं नाही. हँडल आपोआप वळत होतं. पुढे कुठे थांबायचं, कुठल्या झाडाखाली पाय टेकायचा, सगळं कुणीतरी आधीच ठरवून ठेवलं होतं. भाग्या किडकिडीत बाई आहे, पण माझ्या मागच्या चाकावर दोन माणसांचा भार होता. टायर तेवढा बसला होता. तिलाही जाणवलं असावं. तिनं दोनदा उतरून हवा दाबून बघितली. हवा ठणठणीत होती.

हूटगळ्ळीत नाचणी कुठली! तिचंच घर लागलं, दुमजली, पिवळं. रिकामी बस थांब्यावर धूर सोडत उभी होती, कारखान्यांच्या फाटकांना झेंडूची तोरणं. ती स्वतःच्या दारासमोरून परक्यासारखी पुढे गेली. फोन वाजला. 'आई' असं नाव चमकलं. तिनं घेतला नाही. एका चौकात तिचा अंगठा नकळत घंटीच्या जागेवर गेला. तिथे नुसती नळी होती. तिनं अंगठा चटका बसल्यासारखा मागे घेतला.

लिंगांबुधीला ती डबा उघडून बसली आणि न खाता बंद केला. फोन पुन्हा वाजला, चार वेळा. तळ्याकाठी एक बाई मुलाला पाणबदक दाखवत होती. ऊन छान होतं, वारा छान होता, आणि मला असा दिवस कुणाच्याही वाट्याला यावासा वाटला नाही.

साडेतीनला पायथा. पाव तासात तिसरं वळण. भाग्यानं मला स्टँडवर लावलं, बाटली काढली, तळहातावर तेल घेतलं आणि पुढचं चाक फिरवत रिमला चोळलं. मग मागचं. वर एकही माणूस नव्हता. आणि तरी घंटी ऐकू आली. मी शपथेवर सांगते. लांबून, खालून, न थांबता. भाग्यानंही मान वळवली.

तिनं स्टँड पाडला, सीटवर बसली, एक पाय जमिनीवर.

खालून एक रिक्षा धापा टाकत वर आली. रिक्षा थांबायच्या आत लक्ष्मीदेवी उतरली. अंगावर दशमीची रेशमी साडी, पायात घरातली चप्पल. तिनं धावत येऊन दोन्ही हातांनी माझं कॅरिअर धरलं.

"बाटली दे."

"आई? तू कशी आलीस?"

"न्हाणीत बाटली नव्हती म्हणून आले! हत्तीपायी सगळे रस्ते बंद, त्या मेल्यानं अर्धं म्हैसूर फिरवून आणलं मला. दे म्हटलं ना."

"सोड आई. मला एकदा बघायचंय. माझ्यामुळं झालं की नाही ते."

"बघायला काय सिनेमा आहे का गे हा?" म्हातारीनं पकड सोडली नाही. "मी सांगते. हो. तेलानंच झालं. तू लावलंस. बाटली मी दिली होती. झालं? साकू, पुरे?"

भाग्या हलली नाही. बावीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी हो म्हणालं होतं.

"आणि त्याला ठाऊक होतं," लक्ष्मीदेवी म्हणाली.

"कुणाला?"

"तुझ्या अप्पाला. दवाखान्यातून कपडे आले, ते मी धुतले. पँटीला मांडीवर बोट पुसलेलं. तेल, त्यात कुंकू. रंगाऱ्याच्या घरात नांदले मी, डाग कधीचा ते मला विचार. त्याच्यावर दिवसाची धूळ बसून वाळली होती. सकाळचाच डाग. सकाळीच त्यानं बोट लावून बघितलं होतं."

"मग पुसलं का नाही?"

"एवढं घासून चकचकीत केलेलं. तुझ्यासमोर पुसलं असतं तर तू रडली असतीस. म्हणून."

भाग्या सीटवरून उतरली. मी पडले असते, म्हातारीनं धरून ठेवलं.

"मग रडले असते!" ती ओरडली. डोंगरावर आवाज घुमला. "रडले असते ना आई! पाच मिनिटं रडले असते! चुरमुरी घेऊन दिली असती की गप्प बसले असते! एवढ्यासाठी? माझ्या रडण्याला भिऊन मेला तो?"

रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं आणि दुसरीकडे बघायला लागला.

"आणि तू? तुला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तू का नाही सांगितलंस?"

लक्ष्मीदेवीनं कॅरिअरवरची पकड आणखी आवळली. मग तेच उत्तर दिलं, कारण तिच्याकडेही दुसरं नव्हतं.

"तू रडली असतीस म्हणून."

त्यानंतर दोघी रडल्या. नीट नाही, सुंदर नाही. नाकं गळत, एकमेकींना शिव्या देत, मधेच गुंडुरावलाही शिव्या देत. मलाही एक लाथ बसली. मी मनापासून खाल्ली. मग लक्ष्मीदेवी खाली बसली आणि रेशमी पदरानं माझ्या रिम पुसायला लागली. "आई, साडी!" भाग्या म्हणाली. रेशमावरचा तेलाचा डाग जात नाही, हे त्या बाईपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? ती पुसत राहिली. आधी पुढची, मग मागची. नंतर चाक उचलून फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं.

आम्ही चालत खाली आलो, हँडलच्या दोन बाजूंना दोघी.

हल्ली भाग्या दर रविवारी मला बाहेर काढते. निघायच्या आधी ब्रेक दाबून बघते. परवा रबर जरा सरकलेलं होतं, तर लक्ष्मीदेवी शेजाऱ्यांसमोर तिला म्हणाली, "डोळे आहेत का बटणं?" भाग्या चिडली, फणकाऱ्यानं आत गेली, पाना घेऊन बाहेर आली. मी मनातल्या मनात म्हटलं, अशाच राहा.

मित्रांनो, मला हार घालू नका असं मी म्हणत नाही. घाला. पण आधी हवा बघा, चेन बघा, ब्रेक बघा. आणि तुमच्या माणसानं प्रेमानं काही चुकीचं करून ठेवलं असेल, तर प्रेमासाठी गप्प बसू नका. तोंडावर सांगा. ते रुसेल, रडेल, रात्री जेवणार नाही. न जेवू दे. सकाळी उठून तेच माणूस तुमच्याकडे चहा मागेल. द्यायला तुम्ही तिथे असायला हवं, बस.